शिवगंगेकाठचे ऋण

तंजावरचा भोसल्यांचा राजवाडा पाहून बृहदीश्वराच्या रोखाने निघाले, की शिवगंगा तळ्यापाशी एक साधेसुधे चर्च लागते. जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या सोनेरी वेदीचा थाट, बरोक शैलीचे ते वळणदार वैभव, येथे शोधूनही सापडणार नाही. जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ याने हे चर्च १७७९ साली उभारले. आत मात्र एक संगमरवरी उठावशिल्प आहे, आणि त्यात मराठ्यांच्या इतिहासाचे एक पान कोरलेले आहे.

श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगमबाडीस उतरला. तमिळप्रमाणे तो मराठीही शिकला. तुळजाजी राजांचा त्याच्यावर मोठा विश्वास होता. १७८७ साली अंतकाळी त्यांनी आपला दत्तक पुत्र, बाल सरफोजी, याच्या पालकत्वाची गळ त्याला घातली. तो भार एकट्याने न घेता श्वार्ट्झने राजबंधू अमरसिंगाचे नाव सुचविले. हेतू चांगला होता, फळ मात्र विपरीत आले. अमरसिंग स्वतःच गादीवर बसले, दत्तविधान अमान्य ठरले आणि मुलाची आबाळ होऊ लागली. तेव्हा श्वार्ट्झनेच कंपनी सरकारकडे त्याची कड घेतली. १७९३ मध्ये सरफोजीस शिक्षणासाठी मद्रासेस नेण्यात आले. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला. त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी सिंहासनावर आले.

त्यांनी गुरूचे स्मारक लंडनचा विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून घडवून घेतले. मृत्युशय्येवर वृद्ध श्वार्ट्झ, शेजारी त्याचा हात हाती घेतलेले राजे, जवळ शाळेतील मुले. आकाशातून उतरणारे देवदूत नाहीत, ढगांची गर्दी नाही. सारा भाव त्या दोन हातांत एकवटला आहे.

सरफोजींनी आपला धर्म सोडला नाही. १८०३ मध्ये त्यांनीच बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. ज्या कंपनीने त्यांना गादी दिली, तिनेच १७९९ च्या तहाने राज्यकारभार हिरावून घेतला. १८५५ मध्ये नावापुरते राज्यही खालसा झाले. सत्ता गेली, पण एका शिळेवरील कुळाचा अभिमान आणि दुसऱ्या शिळेवरील गुरूची कृतज्ञता, दोन्ही एकाच तळ्याच्या परिसरात आजही शेजारधर्माने नांदत आहेत.