कौल आणि कारभार

देवळात कौल लावताना एका वेळी एकच प्रश्न देवापुढे ठेवावयाचा, हे आपल्याकडे कोणास शिकवावे लागत नाही. पाकळी उजवी पडो वा डावी, तो त्या एका प्रश्नाचाच निर्णय होय. दोन प्रश्नांची गल्लत झाली की कौलाला अर्थ उरत नाही. गोमंतकाच्या पहिल्या दशकातील निवडणुकांचा इतिहास वाचताना या विवेकाची आठवण होते.

९ डिसेंबर १९६३ रोजी मुक्त गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक झाली. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई आणि दिल्लीची सत्ता काँग्रेसच्या पाठीशी होती. तरीही ३० जागांपैकी तिच्या पदरात एकच, आणि तीही दमणची, पडली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. कोणी त्यांस बहुजनांचा कैवारी म्हटले, कोणी खाणमालक म्हणून नाक मुरडले, कोणी राजकारणातील नवखा ठरविले. परंतु ही सारी विशेषणे कारभारापूर्वीची होती. पुढे खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४ साली कूळ कायदा होऊन कसणाऱ्यास बेदखलीपासून संरक्षण मिळाले. विशेषणांच्या जागी पारखून घेता येईल असे काम उभे राहिले.

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. फूल ही विलीनीकरणाची निशाणी, दोन पाने ही संघप्रदेशाची. फुलाला १,३८,१७० मते पडली, पानांना १,७२,१९१. ज्या मागणीसाठी पक्ष जन्मला, तीच मागणी जनतेने नाकारली. असे असूनही मार्चमधील निवडणुकीत त्याच पक्षाला १६ जागा मिळाल्या आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

विरोधी मतांची विभागणी झाली होती, जातिधर्माचे वजनही होते. ते नाकारणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. म्हणूनच पुढील दोन साक्षी महत्त्वाच्या आहेत. विलीनीकरणाचा प्रश्न निकालात निघाल्यानंतर, म्हणजे पक्षाचे नाव निरर्थक झाले असताना, १९७२ साली त्याला १८ जागा मिळाल्या. उलट १९७९ साली त्याचे सरकार कोसळल्यावर १९८० च्या निवडणुकीत तोच पक्ष, त्याच नावानिशी, ७ जागांवर आला. नावाने पक्षाला बुडविले नाही आणि नावाने तारलेही नाही.

आजही उमेदवार दारी येतो तो एखादे विशेषण घेऊनच. एक म्हणतो, मी प्रस्थापितांविरुद्ध उभा ठाकलेला नवा माणूस. दुसरा म्हणतो, मी या मातीतला, तो परका. देवस्थानचा खजिनदार निवडताना महाजन असल्या बोलण्यावर थांबत नाहीत. मागील जमाखर्चाची वही मागतात. नवख्याजवळ सत्तेची वही नसेल, परंतु त्याने आजवर हाती घेतलेल्या कामाची तरी असतेच. ती उघडून पाहिल्यावाचून मत देणे म्हणजे प्रश्न न विचारताच कौल लावणे होय.