विकत घेतलेली झीज

बास गिटार हे वाद्य सामान्य श्रोत्याच्या सहसा लक्षात येत नाही. चार जाड तारांचे हे वाद्य गाण्याच्या तळाशी राहून लय आणि स्वर यांना एकत्र बांधते, आणि ते थांबले की मगच काहीतरी हरवल्याची जाणीव होते. अशा या अबोल वाद्याच्या बाजारात गेल्या तीस वर्षांत एक चमत्कारिक प्रथा रुळली आहे. बास नुकताच कारखान्यातून बाहेर पडलेला असतो, परंतु जिथे वादकाचा कोपर टेकतो तिथला रंग उडून लाकूड दिसत असते, पाठीवर पट्ट्याच्या बक्कलाचे ओरखडे असतात, स्क्रूंवर गंज चढलेला असतो आणि रोगणावर जुन्या चिनी मातीच्या भांड्याप्रमाणे बारीक भेगांचे जाळे असते. ही सारी जीर्णता कारागिराने काही दिवसांत घडवलेली असते, आणि तिच्यासाठी ग्राहक त्याच बनावटीच्या कोऱ्या वाद्यापेक्षा सहसा अधिक पैसे मोजतो. नवे घेताना एखादा चरा दिसला तर दुकानदाराशी हुज्जत घालणारे आपण; आपल्याला हा व्यवहार वेडेपणाचा वाटणे स्वाभाविक आहे. पण प्रत्येक वेडाला एक इतिहास असतो, आणि या वेडाचा इतिहास पाहिल्यास तो आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

लिओ फेंडर या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या गृहस्थाने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला. तोवर बास वाजवणे म्हणजे माणसाहून उंच असे उभे वाद्य वाहून नेणे होते. फेंडरने ते गळ्यात अडकवता येईल असे केले आणि त्याच्या दांडीवर पडदे बसवून स्वर अचूक केला. नावातला ‘प्रिसिजन’ हा शब्द त्यासाठीच आला. १९६० मध्ये ‘जॅझ बास’ आला. ही वाद्ये कामाची हत्यारे म्हणून घडवली गेली होती. दांडी चार स्क्रूंनी जोडलेली. खराब झाली तर बदलावी, एवढा साधा हिशेब. त्यांची झीज ही पुढे मोलाची ठरेल, असे घडवणाऱ्याच्या स्वप्नातही आले नसावे.

हे मोल आले ते एका व्यापारी घटनेतून. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडरचा सारा व्यवसाय १ कोटी ३० लाख डॉलर्सना विकत घेतला. उत्पादन वाढले, आणि त्याबरोबर दर्जाविषयीच्या तक्रारीही वाढल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पातळ नायट्रोसेल्युलोज रोगणाची जागा जाड, काचेसारख्या पॉलिएस्टर लेपाने घेतली. पातळ रोगण घामाने, उन्हाने, थंडीने झिजते आणि तडकते. जाड लेप तसा झिजत नाही, फुटला तर टवका उडतो. त्यामुळे झिजलेला पृष्ठभाग ही जणू जन्माच्या दाखल्याची खूण झाली. ज्याचा रंग विशिष्ट तऱ्हेने उडाला आहे ते वाद्य ‘विक्रीपूर्वीचे’, म्हणजे चांगले, असे समीकरण १९७० च्या दशकात वादकांच्या मनात पक्के होत गेले. म्हणजे मुळात आदर होता तो कारागिरीचा. झीज ही त्या कारागिरीची केवळ साक्षीदार होती. साक्षीदारालाच पुढे देव्हाऱ्यात बसवले गेले.

त्याला थोर वादकांच्या चरित्रांचीही जोड मिळाली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची १९६० च्या दशकातली असंख्य गाणी ज्याच्या बासवर उभी आहेत, तो जेम्स जेमर्सन आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवरच्या तारा क्वचितच बदलत असे, आणि त्याचा तो मऊ, बुटका स्वर त्या जुनाट तारांतून येई. १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या थोडे आधी ते वाद्य चोरीस गेले. जॅको पास्टोरियसने आपल्या १९६२ च्या जॅझ बासचे पडदे उपटून काढले आणि बोटपट्टीवर नावांसाठी वापरले जाणारे इपॉक्सी चढवले. त्या खरबडीत वाद्यातून निघालेला गाता स्वर पुढे एका पिढीचा आदर्श झाला. तेही वाद्य १९८६ मध्ये चोरीस गेले आणि पुढल्याच वर्षी जॅको गेला. फेंडरने १९९९ मध्ये त्या वाद्याची प्रतिकृती विक्रीस काढली, आणि तिच्या महागड्या आवृत्तीत झीजही नकलून दिली होती. एका माणसाच्या हातांनी, घामाने आणि हलाखीने जे घडले होते ते आता कारखान्यात मोजून-मापून घडू लागले.

याची औपचारिक सुरुवात जानेवारी १९९५ मधली. सीबीएसकडून १९८५ मध्ये कंपनी परत मिळवल्यावर नव्या मालकांनी १९८७ मध्ये एक खास कार्यशाळा काढली होती. तिने १९९५ च्या व्यापारी प्रदर्शनात दोन कृत्रिमरीत्या जीर्ण केलेल्या गिटारी मांडल्या. त्यांची जीर्णता मिसूरी राज्यातल्या व्हिन्स क्युनेटो या कारागिराने घडवली होती. मागणी इतकी आली की पुढील काही वर्षे कंपनी या ‘रेलिक’ मालिकेतली लाकडी अंगे रंगवण्यासाठी आणि झिजवण्यासाठी त्याच्याकडेच पाठवत राहिली. २००९ मध्ये ‘रोड वॉर्न’ या नावाने मेक्सिकोतल्या कारखान्यातून स्वस्त मालिका निघाली, आणि तीत १९५० च्या दशकातला प्रिसिजन व १९६० च्या दशकातला जॅझ असे दोन्ही बास होते. २०२१ मध्ये गिब्सन कंपनीने तर झिजेच्या चार पायऱ्या ठरवल्या, अति-सौम्य ते अति-तीव्र, आणि पायरी चढेल तशी किंमत चढते. झीज आता मापाने आणि दराने मिळू लागली.

युरोपातील व्हायोलिनकारांनी हे सारे शंभर-दीडशे वर्षे आधी केले होते, हेही नोंदवले पाहिजे. पॅरिसचा झाँ-बातिस्त व्हियोम हा एकोणिसाव्या शतकात स्त्रादिव्हारी आणि ग्वार्नेरी यांच्या वाद्यांच्या नकला त्यांच्या झिजलेल्या रोगणासह करीत असे. लंडनच्या व्होलर बंधूंच्या जीर्ण नकला पुढे अस्सल म्हणूनही खपल्या. नक्कल आणि फसवणूक यांच्यामध्ये तिथे एका चिठ्ठीचे अंतर होते: आत कुणाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आहे, एवढेच. आजचा जीर्ण केलेला बास या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल; तो आपले वय लपवत नाही. ग्राहकाला ठाऊक असते, कंपनीलाही ठाऊक असते. फसवले जाण्याचा संभव आहे तो फक्त समोरच्या श्रोत्याचा.

आणि स्वराचे काय? व्हायोलिनच्या बाबतीत क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे आणि २०१२ मध्ये पॅरिसजवळ वादकांना गडद चष्मे घालून जुनी व नवी वाद्ये वाजवायला दिली. दुसऱ्या प्रयोगात १० नामवंत एकलवादक होते. त्यांपैकी ६ जणांनी नव्याची निवड केली, आणि जुने कोणते व नवे कोणते हे त्यांना भरवशाने ओळखता आले नाही. डोळे मिटले की वय विरघळते. रंग उडाल्याने बासचा स्वर सुधारतो, या दाव्याकडेही याच नजरेने पाहावे लागेल. हाताला जाणवतो तो मात्र खरा फरक: घासून गुळगुळीत केलेल्या दांडीवर अंगठा सहज सरकतो, आणि पहिल्या ओरखड्याची धास्ती राहत नाही. ही सोय कमी लेखण्याजोगी नाही. पण तेवढ्यासाठी पाठीवर खोटे बक्कल उमटवण्याची गरज पडत नाही.

येथवरची कथा परदेशाची झाली. जुनेपणाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी मात्र आपल्याच एका लहान स्थानकावर एकमेकींना भेटून गेल्या आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या नांदगावाहून १८६० च्या दशकापासून रेल्वे जाऊ लागली. मनमाडहून औरंगाबादकडे (आजचे छत्रपती संभाजीनगर) निजामाच्या राज्यातली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. तोवर वेरूळची लेणी पाहू इच्छिणारा साहेब नांदगावला उतरे आणि तेथून टांग्याने पुढे जाई. त्याला पाहायचे होते ते प्राचीन, भग्न, काळाने खाल्लेले. आणि ज्या लोकांच्या प्रदेशात तो जात होता त्यांची रीत निराळी होती. कैलास लेण्याला तिकडे ‘रंगमहाल’ म्हणत. कारण त्यावर वेळोवेळी गिलावा आणि रंग चढवला गेला होता. शेजारचे घृष्णेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात होळकरांनी नव्याने बांधले. देव जुना, म्हणून त्याचे घर नवे ठेवायचे. मूर्ती पुरातन, म्हणून तिला शेंदराचा ताजा लेप द्यायचा. साहेबाला हा रंग विद्रूप वाटे, भाविकाला पडझड विद्रूप वाटे. जीर्णोद्धार या आपल्या शब्दातच जीर्ण गोष्टीचा उद्धार करायचा असतो, हे गृहीत आहे.

वाद्यांच्या बाबतीतही आपली परंपरा याच वळणाची आहे. मिरजेची तंतुवाद्ये घडवणारे घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार आणि झळाळी देणाऱ्यांचे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी आटल्यावर फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू सतार-तंबोऱ्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि कानाने लावलेली जवारी यांवर ती कला उभी राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या तंबोऱ्याला गवई जीव लावतात. ‘मुरलेला तंबोरा’ ही मोठी पावती आहे. परंतु हा मुरलेला तंबोरा मिरजेला दुरुस्तीला गेला की परत येताना पॉलिश होऊन, लखलखीत होऊनच येतो. जवारी नव्याने काढली जाते, तुटलेली नक्षी बदलली जाते. वय नादात असावे, पृष्ठभागावर नसावे, असा हा संकेत आहे. दसऱ्याच्या सुमारास वाद्ये पुसून, हार घालून पुजली जातात. त्या दिवशी कुणी धुळीला नमस्कार करीत नाही.

याचा अर्थ आपल्याकडे खोटी जीर्णता घडत नाही असा नव्हे. मुंबईच्या चोरबाजारात पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन दिसतात. त्यांतले पुष्कळसे नव्या पत्र्याचे कर्णे, नव्या लाकडाच्या पेट्या आणि कुठल्यातरी जुन्या यंत्राची कमान यांतून जुळवलेले असतात. वर कुत्र्याचे चित्र आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची पाटी. जाणकार संग्राहक त्यांना हसतात, पर्यटक ते घेऊन जातात. ज्या घरात एकेकाळी खरा ग्रामोफोन वाजत असे त्या घराने मात्र तो केव्हाच मोडीत घातला. जुन्या पैठण्यांचेही असेच झाले; नांदगावच्या शेजारच्या येवल्यात जे वस्त्र आज अभिमानाने विणले जाते, त्याचे जुने नमुने अनेक घरांनी जरीतल्या सोन्यारुप्यासाठी जाळून घेतले. जुने देऊन बोहारणीकडून नवे भांडे घेणारा समाज जुन्याला भावनेने कवटाळत नाही. त्याला नव्याची चैन परवडलेली नसते, म्हणून त्याची ओढ नव्याकडे असते.

या प्रश्नाचे मर्म येथेच आहे, असे मला वाटते. नांदगावसारख्या तालुक्याच्या गावी लग्नसराईत वाजवणाऱ्या बँडवाल्याच्या ट्रम्पेटला पडलेला पोचा, ऑर्केस्ट्रातल्या वादकाच्या गिटारीचा चिकटपट्टीने सांधलेला कोपरा, या अस्सल खुणा आहेत. त्यांत एकही खोटी नाही. पण त्या लपवण्याकडे त्याचा कल असतो. तो पोचा ठोकून सरळ करून घेतो, कारण मोडके वाद्य पाहून सुपारी देणारा भाव पाडतो. परदेशी वाद्यांवर जबर आयातकर होता त्या काळात तर आपल्या वादकांनी एकेक वाद्य दुरुस्त करकरून दशकानुदशके चालवले. झीज ही ज्याची परिस्थिती आहे त्याला ती नको असते. झीज ही ज्याची निवड आहे तो तिच्यासाठी पैसे मोजतो. नवे केव्हाही घेता येते अशी खात्री असल्याशिवाय जुनेपणाचे सौंदर्य दिसू लागत नाही.

आणि ही निवड कुणाच्या तरी श्रमावर उभी असते. फाटकी-विटकी जीन्स हे या प्रकाराचे सर्वांत मोठे भावंड. कापड विटवण्यासाठी वाळूचा झोत मारणाऱ्या तुर्कस्तानातल्या तरुण कामगारांना फुप्फुसांचा सिलिकोसिस जडला. आजार उघडकीस आल्यावर २००९ मध्ये तेथे त्या पद्धतीवर बंदी आली. ग्राहकाच्या अंगावर कधीही न केलेल्या कष्टांची खूण यावी, म्हणून दुसऱ्या कुणीतरी प्राण वेचले. बास झिजवणाऱ्या कारागिराची स्थिती तशी नाही. तो कुशल आहे, त्याला मोबदला आणि नाव दोन्ही मिळते. तरीही व्यवहाराचा आकार तोच आहे: झीज एकाची, मिरवणे दुसऱ्याचे.

म्हणून जीर्ण केलेला बास घेणाऱ्याला हसून प्रश्न सुटत नाही. त्याची ओढ खोटी नाही. माणसाच्या हाताचा मागमूस नसलेल्या वस्तूंनी भरलेल्या जगात त्याला हाताचा ठसा हवा आहे, आणि दुकानात तो ठसाही मिळत असेल तर तो का घेणार नाही? फक्त, तो ठसा ज्या गोष्टीचा पुरावा असतो ती गोष्ट, म्हणजे एकाच वाद्यावर वीस-पंचवीस वर्षे रोज टेकलेला कोपर, त्या किमतीत येत नाही. ती त्याला अजून वाजवायची आहे. तसे त्याने खरोखर वाजवले, तर कारखान्याने काढलेल्या ओरखड्यांशेजारी हळूहळू त्याचे स्वतःचे ओरखडे उमटतील, आणि काही वर्षांनी कोणते कोणाचे हे त्यालाही सांगता येणार नाही. या साऱ्या उद्योगाचे समर्थन होऊ शकत असेल, तर ते एवढ्यानेच.