मॉर्मन धर्मप्रचारकांचे परदेशातील दैनंदिन जीवन

मॉर्मन धर्मप्रचारक म्हणजे 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या पंथाने ठरावीक मुदतीसाठी धर्मप्रसाराच्या कामावर पाठवलेले बिनपगारी स्वयंसेवक होत. यांतील बहुसंख्य विशीच्या आतबाहेरचे अविवाहित तरुण-तरुणी असतात. मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष सेवा करतात. निवृत्त दांपत्यांनाही अशा सेवेवर पाठवले जाते, परंतु त्यांचे नियम पुष्कळच सैल असतात. हा पंथ स्वतःस ख्रिस्ती म्हणवतो. अनेक कॅथलिक व प्रोटेस्टंट संप्रदायांना मात्र तो दावा मान्य नाही. 'मॉर्मन' हे लोकांत रूढ झालेले नाव असून ते वापरू नये, असे आवाहन पंथाच्या नेतृत्वाने २०१८ मध्ये केले.

== पार्श्वभूमी ==

जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात या पंथाची स्थापना केली. त्याच वर्षी त्यांचे धाकटे बंधू सॅम्युएल हे 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथाच्या प्रती घेऊन गावोगाव फिरू लागले. १८३७ मध्ये हीबर किंबॉल व त्यांचे सहकारी इंग्लंडमधील प्रेस्टन येथे पोहोचले. उत्तर अमेरिकेबाहेरचे पंथाचे कार्य तेथून सुरू झाले. एकोणिसाव्या शतकातील प्रचारक बहुधा विवाहित पुरुष असत. बायकामुलांना मागे ठेवून ते जात, आणि परत कधी येणार हे निश्चित नसे. अविवाहित तरुणांना ठरीव मुदतीसाठी पाठवण्याची पद्धत विसाव्या शतकात स्थिरावली. ऑक्टोबर २०१२ मध्ये किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ व मुलींसाठी २१ वरून १९ करण्यात आले आणि प्रचारकांची, विशेषतः मुलींची, संख्या झपाट्याने वाढली.

== नेमणूक व खर्च ==

कोठे जायचे हे प्रचारकाने ठरवायचे नसते. अर्ज, वैद्यकीय तपासणी आणि स्थानिक धर्माधिकाऱ्याची मुलाखत झाल्यावर युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथील मुख्यालयातून नेमणूक होते. ती बारा प्रेषितांच्या मंडळाकडून ईश्वरी प्रेरणेने होते, अशी पंथीयांची श्रद्धा आहे. शेतकरी कुटुंबातला मुलगा टोकियोला जाईल की शेजारच्याच राज्यात, हे पत्र येईपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. नातलग जमवून सर्वांसमक्ष तो लिफाफा फोडण्याचा प्रघात पडला होता. २०१८ पासून नेमणूक संगणकावर कळते.

मुलांसाठी ही सेवा धर्मकर्तव्य मानली जाते, मुलींसाठी ती ऐच्छिक आहे. वेतन कोणालाच नाही, उलट खर्च प्रचारकाने वा त्याच्या कुटुंबाने सोसायचा असतो. अमेरिकेतील प्रचारकांसाठी ही रक्कम जुलै २०२० पासून दरमहा ५०० डॉलर आहे. देश महाग असो वा स्वस्त, रक्कम तीच. जमा झालेला पैसा गरजेप्रमाणे निरनिराळ्या देशांत वाटला जातो.

== प्रशिक्षण आणि भाषा ==

युटातील प्रोव्हो येथे मुख्य प्रशिक्षण केंद्र आहे. अन्य काही देशांतही अशी केंद्रे आहेत. परकी भाषा शिकणाऱ्यांचे प्रशिक्षण साधारण सहा ते नऊ आठवडे चालते. एवढ्या अवधीत प्रार्थना करणे, स्वतःची ओळख सांगणे व धर्मतत्त्वांची सोपी मांडणी जमू लागते. मात्र बाजारात भाव विचारल्यावर आलेले उत्तर कळत नाही. खरे शिक्षण त्या देशाच्या रस्त्यावरच होते. पूर्वी ठरलेले सहा पाठ परभाषेत मुखोद्गत करावे लागत. २००४ मध्ये आलेल्या 'प्रीच माय गॉस्पेल' या मार्गदर्शिकेने पाठांतराऐवजी ऐकणाऱ्याप्रमाणे बोलण्यावर भर दिला.

भाषेच्या बाबतीत जपानचे उदाहरण बोलके आहे. हीबर ग्रँट यांच्या नेतृत्वाखाली चार प्रचारक ऑगस्ट १९०१ मध्ये योकोहामा बंदरात उतरले. ग्रँट यांना जपानी भाषा अखेरपर्यंत साधली नाही. त्यांच्याच तुकडीतील अल्मा टेलर हा एकोणीस वर्षांचा तरुण मात्र आठ वर्षांहून अधिक काळ तेथे राहिला आणि त्याने केलेला 'बुक ऑफ मॉर्मन'चा जपानी अनुवाद १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढे होऊनही धर्मांतरे अल्पच झाली. १९२४ मध्ये ते केंद्र बंद करण्यात आले, तेव्हा पंथाचे अध्यक्ष ग्रँटच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पुन्हा सुरू झाले.

== दिनक्रम ==

परंपरागत वेळापत्रकानुसार प्रचारक सकाळी साडेसहाला उठतो. प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, एक तास स्वतःचे धर्मग्रंथवाचन, मग जोडीदारासह अध्ययन आणि परकी भाषा असल्यास तिचा अभ्यास, एवढे आटोपून तो बाहेर पडतो. रात्री नऊ ते साडेनऊच्या सुमारास घरी परतायचे, दुसऱ्या दिवसाची आखणी करायची व साडेदहाला दिवा मालवायचा. जानेवारी २०१७ पासून स्थानिक रीतिरिवाजांनुसार यात फेरबदल करण्याची मुभा मिळाली. जेथे लोक रात्री उशिराच भेटतात, तेथे जुने वेळापत्रक गैरसोयीचे होते.

मधल्या दहा-अकरा तासांत प्रामुख्याने नकार ऐकावा लागतो. दारे ठोठावणे, बसथांब्यावर वा बाजारात अनोळखी माणसाशी बोलणे, इंग्रजीचे विनामूल्य वर्ग घेणे, कोणाचे सामान हलवण्यास हात लावणे, अलीकडे समाजमाध्यमांवरून संपर्क साधणे, असे कामाचे स्वरूप असते. पश्चिम युरोपात दोन वर्षांच्या सेवेत एखाददुसऱ्याचाच बाप्तिस्मा घडवून आणणारे प्रचारक असतात, तर लॅटिन अमेरिकेत व आफ्रिकेच्या काही भागांत संख्या बरीच मोठी असते. श्रद्धा वा परिश्रम यांपेक्षा नेमणुकीचा देशच हा फरक पाडतो. परंतु अपयशाचा दोष स्वतःकडे घेणारे तरुण पुष्कळ असतात. वेळापत्रक इतके घट्ट बांधलेले असण्याचे एक कारण येथे दिसते: दिवसभर दारे बंद झाली, तरी रात्री करण्याजोगे काहीतरी ठरलेले असते.

आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवार, 'तयारीचा दिवस' असतो. कपडे धुणे, किराणा आणणे, केस कापणे, घरी पत्र लिहिणे आणि वेळ उरल्यास एखादे प्रेक्षणीय स्थळ पाहणे यांत तो जातो. संध्याकाळी काम पुन्हा सुरू होते.

== जोडीदार ==

प्रचारक एकटा कधीच नसतो. जोडीदार सदैव नजरेच्या व हाकेच्या टप्प्यात असावा, असा नियम आहे. जोडी दोन पुरुषांची वा दोन स्त्रियांची असते. ती मिशनचे अध्यक्ष ठरवतात, आणि साधारण दर सहा आठवड्यांनी होणाऱ्या फेरबदलात जोडीदार, गाव किंवा दोन्ही बदलू शकतात. नवागताला पहिले बारा आठवडे अनुभवी जोडीदाराच्या हाताखाली काढावे लागतात. घासाघीस व्हायची ती बहुधा भांडी कोणी घासायची, घोरणे, चालण्याचा वेग असल्या बाबींवरून होते. तरीही परक्या मुलखात आपली भाषा बोलणारा तोच एक माणूस असतो. कधी तोही भलत्याच देशाचा असतो, आणि मग स्थानिक भाषाच दोघांची घरातली भाषा होते.

परस्परांना पहिल्या नावाने हाक मारायची नसते. मुलग्यास 'एल्डर' व मुलीस 'सिस्टर' म्हणून पुढे आडनाव लावतात. 'एल्डर' म्हणजे ज्येष्ठ. अठरा वर्षांच्या मुलास ते संबोधन लागते, याचे बाहेरच्यांना नवल वाटते.

== पोशाख, आहार व निर्बंध ==

पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी ही पुरुष प्रचारकांची जगभरची ओळख. स्त्रियांना डिसेंबर २०१८ पासून पॅण्ट वापरण्याची, तर पुरुषांना २०२० पासून काही प्रदेशांत निळा सदरा घालण्याची व टाय न लावण्याची परवानगी आहे. चित्रपट, दूरचित्रवाणी, प्रेमसंबंध व पोहणे वर्ज्य आहे.

मद्य, तंबाखू, चहा व कॉफी पंथाच्या सर्वच सदस्यांना निषिद्ध आहेत. ज्या देशांत पाहुण्यापुढे प्रथम चहा येतो, तेथे पहिल्याच भेटीत यजमानाला नाही म्हणण्याची वेळ येते. जपानमध्ये हिरवा चहाही चालत नाही; भाजलेल्या बार्लीचे पेय मात्र चालते.

== घराशी संपर्क ==

फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी दूरध्वनी करण्याची परवानगी वर्षातून दोनदाच, नाताळ व मातृदिनी, असे. एरवी आठवड्याचे पत्र वा ईमेल. त्यानंतर तयारीच्या दिवशी दर आठवड्याला बोलण्याची मुभा मिळाली. शिस्त ढिली होईल अशी शंका काही जुन्या प्रचारकांनी व्यक्त केली, परंतु आईवडिलांनी या बदलाचे मनापासून स्वागत केले.

प्रकृती, नैराश्य वा श्रद्धेतील बदल यांमुळे मुदतीपूर्वी परतणाऱ्यांची स्थिती अवघड होते. निरोप थाटाने दिलेला असतो. अवेळी परतलेल्याला मात्र गावाच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. पंथाच्या नेत्यांनी अशांना सन्मानाने वागवण्याचे आवाहन केले आहे.

== धोके व कायदेशीर मर्यादा ==

मार्च २०१६ मध्ये ब्रुसेल्स विमानतळावरील बॉम्बस्फोटात तीन अमेरिकी मॉर्मन प्रचारक जखमी झाले. त्याच वर्षी रशियाने सार्वजनिक धर्मप्रचारावर निर्बंध घातले. तेव्हापासून तेथे या तरुणांना 'स्वयंसेवक' म्हटले जाते व ते रस्त्यावर प्रचार करीत नाहीत. कोरोना साथीच्या प्रारंभी, मार्च २०२० मध्ये, हजारो प्रचारकांना काही दिवसांतच मायदेशी परत आणण्यात आले. कित्येकांची परदेशातील सेवा अर्ध्यावर तुटली आणि पुढचे महिने त्यांनी स्वतःच्याच देशात काढले.

== भारत ==

ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील परिषदेत भारतासाठी प्रचारकांची नावे जाहीर झाली. त्यांपैकी नऊ जण एप्रिल १८५३ मध्ये समुद्रमार्गे कलकत्त्यास पोहोचले. त्यापूर्वीच, १८५२ मध्ये, स्कॉटलंडचे ह्यू फिंडले मुंबईत दाखल झाले होते. तेथून ते पुण्यास गेले. लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध असतानाही पुण्यात एक छोटी शाखा उभी राहिली, परंतु तिचा आधार मुख्यतः ब्रिटिश फौजेशी संबंधित मंडळी होती. पलटण हलली की अनुयायीही हलत. एतद्देशीयांत या प्रचाराला फारसे यश आले नाही व १८५६ पर्यंत हे प्रचारक भारत सोडून गेले. पंथाचे बंगळूर मिशन १९९३ मध्ये सुरू झाले. 'बुक ऑफ मॉर्मन' हिंदी, तमिळ व तेलुगू भाषांत उपलब्ध आहे.