‘हात धुणे’ आणि फ्रेंच न्यायालय

मालीतील बांबारा भाषेत मुलींच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या प्रथेला ‘बोलोकोली’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘हात धुणे’. त्यात शुद्धीची कल्पना आहे. पाते आणि रक्त नाही. (मुंबईतील बोहरा समाजात या प्रथेसाठी ‘खतना’ हा शब्द रूढ आहे.) मालीतून पॅरिसच्या परिसरात स्थायिक झालेल्या कुटुंबांबरोबर ही प्रथा, तिच्या सोवळ्या शब्दासह, फ्रान्समध्ये आली. १९८२ साली तेथे तीन महिन्यांची एक मुलगी रक्तस्रावाने दगावली, तेव्हा फ्रेंच समाजाला तिची दखल घेणे भाग पडले.

फ्रान्सने स्वतंत्र कायदा केला नाही. १९८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, हे कृत्य म्हणजे प्रचलित दंडसंहितेतील ‘अंगच्छेद’च होय, असा निर्णय दिला. गंमत अशी, की त्या खटल्यातील आरोपी आई स्थलांतरित नव्हती, फ्रेंच होती.

त्यानंतर मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात मुख्यतः आफ्रिकी पालक दिसू लागले. १९८९ साली काही अभ्यासकांनी शिक्षेविरुद्ध निवेदन काढले. हे आईबाप क्रूर नाहीत, मुलीचे लग्न व्हावे म्हणूनच ते असे करतात, असा या बाजूचा युक्तिवाद होता. तो सहज उडवून लावण्याजोगा नाही. आईला तुरुंगात टाकून मुलीचे काय भले होणार, हा प्रश्न खराच आहे. परंतु या मांडणीत ‘संस्कृती’ म्हणजे केवळ वडीलधाऱ्यांचे मत. जिच्या देहावर ती कोरली जाते, त्या मुलीला त्यात मत नाही.

ते मत न्यायालयात ऐकू आले १९९९ साली. हावा ग्रेऊ या पॅरिसमधील मालीच्या बाईंवर ४८ मुलींच्या अंगच्छेदाचा आरोप होता. तक्रार करणारी त्यांच्यापैकीच एक, आता कायद्याची विद्यार्थिनी. आरोपींमध्ये तिची स्वतःची आईही होती. म्हणजे ‘फ्रेंच कायदा विरुद्ध आफ्रिकी रूढी’ असा हा सामना उरला नव्हता. एकाच घरातल्या दोन पिढ्या समोरासमोर उभ्या होत्या. ग्रेऊ यांना आठ वर्षांची शिक्षा झाली.

सुटकेनंतर ग्रेऊ ज्यांच्याशी बोलल्या, त्या लिंडा वेल-क्युरिएल म्हणजे त्यांना तुरुंगात धाडणाऱ्या वकील. त्या संवादाचे पुस्तक २००७ साली निघाले. त्याच्या शीर्षकात ‘हात धुणे’ नाही. फ्रेंचमधला एकच शब्द आहे. त्याचा अर्थ, ‘कापणारी’.