पबमेडमध्ये न सापडणारं आरोग्य संशोधन कसं शोधायचं?

एखाद्या औषधाबद्दल नेमका काय पुरावा आहे हे बघायचं असेल, तर बहुतेक जण पबमेड उघडतात. तिथे साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. पण त्यात मुख्यतः जर्नल्समध्ये छापून आलेलं संशोधन असतं. जे छापलंच गेलं नाही, त्याचं काय?

याने किती फरक पडतो? २००८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात १२ अँटिडिप्रेसंट औषधांच्या, अमेरिकेच्या एफडीएकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या तपासल्या गेल्या. छापील लेखांनुसार ९४ टक्के चाचण्या औषधाच्या बाजूने होत्या. एफडीएच्या फायलींनुसार फक्त ५१ टक्के! रिलीज नोट्स वाचून सॉफ्टवेअर चांगलं वाटावं आणि बग ट्रॅकर उघडल्यावर खरं चित्र कळावं, तसंच हे. मग शोधायचं कुठे?

१. ट्रायल रजिस्ट्री
चाचणी सुरू होण्याआधी तिची नोंद इथे व्हायला हवी. भारतात सीटीआरआय ही रजिस्ट्री २००७ पासून आहे आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. अनेक देशांच्या नोंदी एकत्र बघायच्या असतील तर जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी पोर्टल वापरा. चाचणी कधीच संपली, पण निकाल कुठेच नाही, असं दिसलं तर नोंद करून ठेवा. चाचणीचा नोंदणी क्रमांक पबमेड आणि गूगल दोन्हीकडे टाकून बघा.

२. संदर्भांचा माग
एक चांगला लेख सापडला की त्याची संदर्भसूची तपासा. मग गूगल स्कॉलरमध्ये 'साइटेड बाय'वर क्लिक करून त्यानंतरचे लेख बघा. आरोग्यसेवेत नव्या पद्धती कशा रुजतात यावरच्या एका मोठ्या आढाव्यात ५१ टक्के स्रोत असा माग काढून मिळाले होते. ठरवून केलेल्या शोधातून फक्त ३० टक्के. हे निरीक्षण २००५ साली बीएमजेमध्ये आलं.

३. ग्रे लिटरेचर
म्हणजे प्रबंध, सरकारी अहवाल, परिषदांमधले सारांश. भारतीय पीएचडी प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. एखाद्या संस्थेच्या वेबसाइटपुरताच शोध घ्यायचा असेल तर गूगलचा 'साइट' ऑपरेटर वापरा.

४. थेट विचारणा
रजिस्ट्रीत बऱ्याचदा संशोधकाचा ईमेल असतो. निकाल कुठे मिळतील, असं दोन ओळींत विचारा. उत्तर येईलच असं नाही, पण विचारायला काहीच खर्च नाही.

हे लक्षात ठेवा
• प्रीप्रिंट आणि प्रबंध यांची जर्नलसारखी तपासणी झालेली नसते. 'सापडलं' म्हणजे 'सिद्ध झालं' नव्हे.
• रजिस्ट्रीत आधी काय मोजायचं ठरलं होतं आणि लेखात काय मोजलं, हे जुळवून बघा.
• कुठे, कोणत्या तारखेला, कोणते शब्द टाकून शोधलं हे एका शीटमध्ये लिहा.
• सापडलेलं घेऊन डॉक्टरांशी बोला. त्यावरून स्वतःच औषध बंद किंवा सुरू करू नका.