वेस गेली, नाव राहिले : अमरावती-अकोल्याच्या सरकत्या हद्दी

अकोल्यात मोर्णेच्या पूर्वेला राहणाऱ्या कोणालाही विचारा, नदीच्या पलीकडे काय आहे? उत्तर ठरलेले असते : ‘जुनं शहर.’

आता शंभर-सव्वाशे वर्षे मागे जा. त्या काळच्या इंग्रजी गॅझेटियरांत हीच गोष्ट नेमकी उलटी लिहिलेली आढळते. मोर्णेच्या पश्चिम तीरावरचे, कोटाआतले गाव म्हणजे खुद्द अकोला. पूर्व तीरावर ताजनापेठ, आणि तिच्यात सरकारी कचेऱ्या व युरोपियनांचे बंगले. ज्याला आज विशेषण लावावे लागते, ते तेव्हा विशेषणाविना अकोला होते. आणि आज जे नुसते ‘अकोला’ आहे, ते तेव्हा पेठेच्या नावाने ओळखले जाई.

नदी जागची हलली नाही. हलले ते नाव. आजचा धागा या हलण्याविषयी.

‘जुने’ हा शब्द कोणत्याही गावाने स्वतःहून स्वतःला लावून घेतलेला नसतो, हे ध्यानात घ्यावे. तो समोरच्या तीरावरून येतो. समोर कचेरी उभी राहते, स्टेशन येते, कापसाचा बाजार भरू लागतो, आणि एके दिवशी जिथे सारे होते ती जागा ‘जुनी’ ठरते. पुढे त्या नावाने पोलीस ठाणे निघते. अकोल्यात ‘जुने शहर पोलीस ठाणे’ आहेच. मग ते नाव सरकारी होते आणि परत फिरणे अवघड.

ताजनापेठेचे नशीब याहून वेगळे. एकेकाळी सारा पूर्व तीर जिच्या नावाने ओळखला जाई, ती आज शहराच्या मध्यभागातील एक छोटी वस्ती उरली आहे. रामदासपेठ, जठारपेठ, सिव्हिल लाइन्स, गोरक्षण रोड अशी एकेक नावे पूर्वेला उगवत गेली आणि प्रत्येकाने तिच्यातून आपला वाटा तोडून घेतला. मोहल्ले नेहमी वाढतातच असे नाही. काही असे आतल्या आत आक्रसतात.

पश्चिम तीरावरचा असदगडही पाहण्यासारखा आहे, निदान त्याचे शिलालेख तरी. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्यावरून किल्ल्याचे नाव पडले. दहीहंडा वेशीवरचा लेख असदखान वजीर असतानाचा, साधारण १६९७ सालचा. किल्ल्यातील ईदगाहीवर ख्वाजा अब्दुल लतीफ याचे नाव. आणि अगरवेशीवर मात्र मराठीत कोरले आहे की, हा किल्ला गोविंद आप्पाजीने १८४३ मध्ये बांधला! एकाच कोटाच्या दोन वेशी एकमेकींना खोटे पाडतात. माझ्या मते यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. ज्याने डागडुजी केली, त्याने ‘बांधले’ असे लिहावे, ही त्या काळची रीतच होती. गावाची सीमा कोणी आखली याला एक उत्तर नसते, एवढे मात्र या दगडांवरून कळते. इंग्रजांनी १८७० च्या सुमारास किल्ल्याची बरीच मोडतोड केली. वेशींची नावे टिकली.

आता अमरावतीकडे येऊ. तिथे गोष्ट नदीची नाही, भिंतीची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडात पेंढाऱ्यांचा धुमाकूळ होता. अमरावती ही तेव्हा कापसाची मोठी उतारपेठ. इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. इतका पैसा उघड्यावर ठेवून चालण्यासारखे नव्हते. निजामाच्या सरकारने १८०७ च्या सुमारास सावकार-व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी दगडी परकोट उभारायला घेतला. घेर सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट, पाच दरवाजे आणि चार खिडक्या.

दरवाज्यांची नावे वाचली की तो काळ नकाशासारखा समोर येतो. नागपुरी दरवाजा नागपूरच्या वाटेचा, खोलापुरी खोलापूरच्या वाटेचा, अंबा दरवाजा देवीच्या नावाचा. उरलेले दोन महाजनपुरी आणि भुसारी. म्हणजे दरवाज्याचे नाव बहुधा आतल्या वस्तीचे नसून बाहेरच्या दिशेचे असे : या वाटेने निघालात तर कुठे पोहोचाल ते सांगणारे. खिडक्यांपैकी एकीचे नाव खुनारी. तिच्याजवळ झालेल्या एका दंगलीत सुमारे ७०० माणसे मारली गेली, म्हणून ते पडले, अशी गॅझेटियरची नोंद आहे. माता, पटेल आणि छत्रपुरी ही बाकीच्या खिडक्यांची नावे.

भुसारी दरवाजा आज जवाहर गेट आहे. भुसार म्हणजे धान्यधुन्य. व्यापाऱ्याची आठवण पुसून राष्ट्रनेत्याची आली. स्वातंत्र्यानंतर देशभर जे घडले, तेच इथे एका कमानीवर घडले.

पण खरी गंमत ‘खोलापुरी गेट’ आणि ‘नागपुरी गेट’ या शब्दांची आहे. आज हे शब्द कमानीपुरते राहिलेले नाहीत. दोन्ही नावांची पोलीस ठाणी आहेत, आणि वर्तमानपत्रात ‘नागपुरी गेट हद्दीत चोरी’ असे छापून येते तेव्हा घटनास्थळ त्या दगडी दरवाज्यापासून पुष्कळ दूर असू शकते. आतले आणि बाहेरचे यांना वेगळे करण्यासाठी जो दरवाजा बांधला, त्याचेच नाव आता बाहेरच्या वस्त्यांना पांघरलेले आहे. राजापेठ, गाडगेनगर, फ्रेझरपुरा यांचेही तेच. लोकांच्या मनातला मोहल्ला लहान असतो, ठाण्याचा मोहल्ला मोठा. आणि हळूहळू ठाण्याचा जिंकतो.

भिंत दरोडेखोरांसाठी होती हे खरे, पण आत आणि बाहेर या शब्दांना आणखीही एक अर्थ होता. कोणाची वस्ती कुठे असावी, कोणी कोणत्या दारातून जावे, कोणत्या विहिरीवर पाणी भरावे, हे नियम दगडांहून चिवट निघाले. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तिचा विषय होता अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा हा. पेंढाऱ्यांचे भय जाऊन तेव्हा शंभर वर्षे उलटली होती. परकोट निरुपयोगी झाला होता. देवळाचा उंबरठा मात्र हद्दच होता. शहराच्या सीमांचा इतिहास लिहिताना केवळ नकाशे पाहणाऱ्यांच्या हातून ही सीमा हमखास सुटते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. काही वर्षांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग होऊन अमरावती व अकोला ही दोन मुख्यालये झाली. परकोटाबाहेर ‘कॅम्प’ वसला. शहरात असे सांगितले जाते की, १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगडाच्या लढायांच्या वेळी जनरल वेलस्लीचा तळ इथे पडला, म्हणून हा कॅम्प. कथा आकर्षक आहे. तरी कचेऱ्या, बंगले आणि सरळ रस्ते असलेली जी वस्ती आपण ‘कॅम्प’ म्हणून ओळखतो, ती नंतरच्या मुलकी कारभाराची आहे. काही आठवड्यांच्या लष्करी तळातून ती निघाली असे मानायला मी तरी तयार नाही.

साहेबांच्या सोबत साहेबांचे चपराशी आले, त्यांचा चपराशीपुरा झाला. हमालांचा हमालपुरा. परकोटाबाहेर मोकळ्या जागेत वकिलांनी बंगले आणि बागा केल्या. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे यांचा खापर्डे बगीचा, आणि १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांची आठवण ठेवणारी मुधोळकर पेठ. बगीच्यात आज बाग शोधू नये. अकोल्यातही श्रमिकांच्या वस्त्यांना असाच एक खास शब्द आहे : फैल. अकोट फैल, देशमुख फैल, तार फैल. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो समजावून सांगावा लागतो. वऱ्हाडी माणूस ‘फैलात राहतो’ एवढे ऐकून बरेच काही ताडतो, आणि पुष्कळदा चुकीचे ताडतो.

‘कॅम्प’ या शब्दाला १९४७ नंतर दुसरा अर्थ चिकटला. सिंधमधून निर्वासित आले. अमरावतीत रामपुरी कॅम्प, अकोल्यात सिंधी कॅम्प. एकाच शहरात एक कॅम्प सत्ताधाऱ्यांचा आणि एक घर गमावलेल्यांचा. दोन्ही तात्पुरते म्हणून सुरू झाले, दोन्ही कायमचे झाले.

काही नावे माणसे बदलू देत नाहीत. इर्विन चौकाचे अधिकृत नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर चौक. व्हाइसरॉय लॉर्ड इर्विनचे नाव रुग्णालयाच्या निमित्ताने अजून तोंडी आहे, आणि रिक्षावाल्याला दोन्ही कळतात. १९२३ च्या किंग एडवर्ड कॉलेजचे विदर्भ महाविद्यालय झाले, पुढे शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था झाली. परिसराने मात्र ना पहिले नाव ठेवले ना शेवटचे. मधल्याची तीन आद्याक्षरे उचलली आणि रस्ता ‘व्हीएमव्ही’ झाला.

आणखी एक खूण सांगतो, कोणत्याही शहरात उपयोगी पडेल : ‘नाका’. अमरावतीचा शेगाव नाका पाहा. नाका म्हणजे गावाच्या कडेला जकात घेण्याची जागा. (इथले शेगाव गजानन महाराजांचे नव्हे, हे अमरावतीलगतचे.) आज तिथे भर वस्ती आहे, जकातही गेली. पण नाव सांगते की एके काळी शहर इथे संपत होते. गाडगेनगरही तसेच. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ गाडगेबाबांचे देहावसान झाले, त्यांची समाधी अमरावतीत झाली, आणि समाधीभोवती नगर वाढले.

१९८३ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा अमरावतीबरोबर बडनेरा नगरपालिका आणि भोवतालची खेडी एका हद्दीत आली. अकोल्याची महानगरपालिका २००१ ची. तिची हद्द २०१६ मध्ये वाढली आणि मलकापूर, उमरी, गुडधी, खडकी, शिवणी अशी चोवीस गावे आत आली. ग्रामपंचायती एका अधिसूचनेने संपल्या. घरपट्टीची पावती बदलली, सरपंचाऐवजी नगरसेवक आला. ‘गावाले चाल्लो’ असे म्हणणारा म्हातारा आणि त्याच घरातला, पत्त्यात कॉलनीचे नाव लिहिणारा नातू, दोघेही खरेच बोलत असतात.

बडनेऱ्याचे दुखणे जरा निराळे. नागपूरकडे जाणारी मुख्य रेल्वे बडनेऱ्यावरून गेली, अमरावतीला सहा मैलांचा फाटा मिळाला. त्यामुळे जंक्शन बडनेऱ्याचे. विधानसभेचा मतदारसंघही ‘बडनेरा’, आणि अमरावती शहराचा काही भाग त्यात मोडतो. म्हणजे अमरावतीत राहून बडनेऱ्याचा आमदार निवडणारे हजारो लोक आहेत. तरीही बडनेऱ्याचा माणूस ‘अमरावतीला जाऊन येतो’ असेच म्हणतो, एका महानगरपालिकेत राहूनही.

शेवटी, उद्याच्या वर्तमानपत्रातील ‘जाहीर सूचना’ वाचा. अमरावतीतील भूखंडाच्या व्यवहाराची असेल तर तिथे ‘मौजे तारखेडा, प्रगणे बडनेरा’ किंवा ‘मौजे नवसारी, प्रगणे नांदगाव पेठ’ असे छापलेले दिसेल. परगणा हा मोगल काळातला महसुली विभाग. मोगल गेले, निजाम गेला, इंग्रज गेले, जकात गेली. खरेदीखतात परगणा आहेच. महापालिकेच्या नकाशावर बडनेरा हे अमरावतीचे टोक आहे, आणि खरेदीखतात अमरावतीची जमीन बडनेऱ्याची.

तुमच्या घराच्या खरेदीखतावर कोणता मौजा लिहिला आहे? पाहून खाली लिहा. अकोलेकरांनी मोर्णेचा कोणता तीर, तेही सांगावे.