शाखेवर शिट्टी कोणाकडे होती?

१९७२च्या महागाईविरोधी आंदोलनातले, लाटणं हातात घेतलेल्या बायकांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते ही नावंही माहीत असतील. पण शेकडो बायकांपुढे उभं राहून बोलायची सवय यांना लागली कधी? चाळिशी ओलांडल्यावर अचानक तर नाही. हा प्रश्न घेऊन मागे गेलं की आपण १९४०च्या दशकातल्या मुंबईत, शाळकरी मुलींपाशी येऊन थांबतो.

मृणाल आणि प्रमिला, दोघींचा जन्म १९२८चा. १९४१ मध्ये एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवादलाची नव्याने बांधणी झाली तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या. दोघीही पुढे सेवादलात घडल्या. मृणालताईंनी तर त्या कामासाठी डॉक्टरकीचं शिक्षण सोडलं. सेवादलाचं रोजचं काम म्हणजे शाखा: संध्याकाळी मैदानावर खेळ, कवायत, लेझीम, गाणी, बौद्धिक. ऐकायला साधं वाटतं. पण गिरगाव-दादरच्या चाळीत वयात आलेल्या मुलीला दिवेलागणीला घराबाहेर असायला कारण लागायचं, आणि शाखा हे घरी सांगता येण्यासारखं कारण होतं. शिवाय शाखा चालवणारं माणूस म्हणजे कोणी शाळेतल्या बाई नव्हेत. चार-पाच वर्षांनी मोठी ताई धाकट्यांना शिकवायची, मग त्यांच्यातलीच एखादी पुढे यायची.

समवयस्क मुलीनेच नेतृत्व करायचं ही कल्पना काही सेवादलाची एकट्याची नाही. गर्ल गाइड्समध्येही छोट्या तुकडीची नायिका त्या तुकडीतलीच असते. १९३६ मध्ये वर्ध्याला निघालेली राष्ट्र सेविका समिती मात्र फक्त स्त्रियांची. सेवादलात मुलगे-मुली एकाच संघटनेत होते. माझ्या मते हा फरक मोठा आहे, कारण इथे हुकूम देणारी मुलगी मुलग्यांनाही दिसत होती.

त्यात १९४२ आलं. ९ ऑगस्टच्या पहाटे काँग्रेसचे नेते पकडले गेले, एस. एम. भूमिगत झाले. गवालिया टँक गिरगावातून चालत जाण्याच्या अंतरावर. वरची फळी गेली की काम खालच्यांच्या अंगावर पडतं, मग ते सतरा वर्षांचे का असेनात.

आता परळकडे या. इथलं चित्र वेगळं. १९४३ मध्ये अहिल्याताई आणि त्यांच्या कम्युनिस्ट सहकारी स्त्रियांनी परळ महिला संघ उभा केला. नाविकांच्या उठावाच्या वेळी, फेब्रुवारी १९४६ मध्ये, परळला झालेल्या गोळीबारात संघाच्या कमल दोंदे मारल्या गेल्या. हे बायकांचं संघटन; मुलींची रोजची शाखा नव्हे. गिरणी कामगाराची तेरा वर्षांची मुलगी संध्याकाळी पाणी भरणार, धाकट्या भावंडाला कडेवर घेणार. तो रिकामा तास तिच्याकडे होता का? सेवादलातल्या मुलींबद्दल लिहिताना हा प्रश्न गाळला, तर आपण पांढरपेशा घरांचा इतिहास सगळ्या मुंबईचा म्हणून खपवतो.

साधनांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. ‘गोरे’ या आडनावाने शोधाल तर १९४८च्या लग्नाआधीच्या मृणाल तुम्हाला सापडणार नाहीत. त्या मोहिले होत्या. प्रमिला कारंडे, अहिल्या रणदिवे. माहेरची नावं हाताशी न ठेवता जुन्या याद्या, अहवाल चाळाल तर मुली तिथे असूनही दिसत नाहीत. दुसरी अडचण जास्त चिवट आहे. आठवणी छापून येतात त्या आमदार-खासदार झालेल्यांच्या. त्यावरून ‘शाखेत गेली म्हणून नेता झाली’ असं लिहिणं फार सोपं, आणि म्हणूनच धोक्याचं. तिच्या शेजारी रांगेत उभी असलेली, विसाव्या वर्षी लग्न होऊन नाशिकला गेलेली मुलगीही हुकूम द्यायला शिकलीच होती. त्या शिकण्याचं तिने सासरी काय केलं?

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा ‘तुमच्यावर कोणाचा प्रभाव होता’ हे शेवटी विचारा. त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘साने गुरुजी’ असंच येतं. आधी विचारा: शाखेवर तुमच्या आधी शिट्टी कोणाकडे होती, आणि तुम्ही ती कोणाला दिलीत?